मोठी फाइल, थोडी मेमरी: नोडजेएसमधून मोंगोडीबीत स्ट्रीमने फाइल कशी साठवायची

समजा, गावच्या वाचनालयाने जुने दिवाळी अंक स्कॅन करून ठेवायचे ठरवले आहेत. एक अंक म्हणजे एक पीडीएफ, साधारण 80 एमबीची. वाचनालयाचं सॉफ्टवेअर नोडजेएसवर चालतं, सभासदांच्या नोंदी मोंगोडीबीत आहेत, आणि हे सगळं 1 जीबी रॅमच्या भाड्याच्या सर्व्हरवर आहे. फाइल डेटाबेसमध्ये ठेवायची म्हटल्यावर पहिला विचार सगळ्यांना एकच सुचतो: 'रीडफाइल' लावून अख्खी फाइल बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, घ्यायची आणि तो बफर डॉक्युमेंटच्या एका फील्डमध्ये टाकायचा.

हे दोन ठिकाणी अडतं. मोंगोडीबीत एका डॉक्युमेंटला 16 एमबीची मर्यादा आहे, त्यामुळे 80 एमबीचा अंक आत जाणारच नाही. हा अडथळा निदान लगेच दिसतो. दुसरा लगेच दिसत नाही. तुमच्या लॅपटॉपवर एकच फाइल चढवून पाहिली तर सगळं सुरळीत चालतं. पण शनिवारी दुपारी 20 जण एकदम अंक चढवायला बसले, तर 20 गुणिले 80, म्हणजे 1600 एमबी एकाच वेळी मेमरीत येणार. 1 जीबीच्या सर्व्हरवर ते मावत नाही, आणि प्रोसेस मधेच मारली जाते.

यावरची वाट म्हणजे स्ट्रीम. फाइल थोडी थोडी येते, आली तशी डेटाबेसमध्ये जाते, आणि मेमरीत एका वेळी फक्त वाटेवर असलेले तुकडे राहतात. या लेखात तेच पायरीपायरीने करू. एक सूचना आधीच देतो: फंक्शन, इव्हेंट आणि पर्यायांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची.

आधी ठरवा: फाइल डेटाबेसमध्ये हवी का?

प्रत्येक फाइल डेटाबेसमध्ये असावी असं माझं मत नाही. तासाभराचे व्हिडिओ हजारो लोकांना दाखवायचे असतील तर ऑब्जेक्ट स्टोरेज, म्हणजे फक्त फाइली ठेवण्याची भाड्याची ऑनलाइन सेवा, घ्या. ते स्वस्त पडतं आणि त्याच कामासाठी बनवलेलं असतं. पण काही ठिकाणी डेटाबेस खरोखर सोयीचा आहे. तुमच्या होस्टिंगवर नवी आवृत्ती चढवली की डिस्क पुसली जात असेल, किंवा ॲप दोन-तीन सर्व्हरवर चालत असेल आणि प्रत्येकाची डिस्क वेगळी असेल, तर फाइल डेटाबेसमध्ये ठेवल्याने पुष्कळ डोकेदुखी वाचते. सर्वांत मोठा फायदा बॅकअपचा. 'मोंगोडंप' हे बॅकअपचं साधन चालवलं की नोंदी आणि फाइली एकत्रच बाहेर येतात. लहान संस्थेत बॅकअपसाठी वेगळा माणूस नसतो, तिथे एकाच आज्ञेत सगळं येणं ही फार मोलाची गोष्ट आहे.

पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: 'बायटीए' प्रकारच्या एका फील्डमध्ये 1 जीबीपर्यंत मावतं, पण ते एकगठ्ठा वाचावं-लिहावं लागतं. तुकड्यातुकड्याने काम करायचं तर 'लार्ज ऑब्जेक्ट' ही सोय आहे, तिची मर्यादा 4 टीबी आहे आणि ती ट्रान्झॅक्शनच्या (सगळं होईल किंवा काहीच होणार नाही अशा बांधलेल्या कामाच्या) आतच वापरावी लागते. इथून पुढे आपण मोंगोडीबीबद्दलच बोलू.

स्ट्रीम म्हणजे काय, आणि दारं कोण धरतं

नोडमध्ये स्ट्रीमचे चार प्रकार आहेत. जिच्यातून वाचता येतं ती रीडेबल, जिच्यात लिहिता येतं ती रायटेबल, दोन्ही करता येतं ती ड्यूप्लेक्स, आणि आत आलेलं बदलून बाहेर देते ती ट्रान्सफॉर्म. आपल्या कामात ब्राउझरकडून येणारी रिक्वेस्ट रीडेबल आहे, आणि डेटाबेसकडे जाणारी वाट रायटेबल.

यातली खरी महत्त्वाची कल्पना आहे बॅकप्रेशर. ज्यांनी शेताला पाटाचं पाणी दिलं आहे त्यांना ही वेगळी समजवावी लागणार नाही. एक माणूस दारं धरायला उभा असतो. वाफा भरला की तो त्याचं दार बांधतो आणि पुढच्याचं फोडतो. तो जागेवर नसेल तर पाणी बांधावरून वाहून जातं. इथे डिस्क किंवा नेटवर्क जोरात डेटा पाठवतं आणि डेटाबेस त्यामानाने सावकाश लिहितो. मधे कुणी दार धरलं नाही तर न लिहिलेला डेटा मेमरीत साचत जातो, आणि स्ट्रीम वापरूनही रॅम भरतेच.

नोडमध्ये हे दार असं चालतं. प्रत्येक स्ट्रीमला 'हायवॉटरमार्क' नावाची खूण असते. नोडच्या 22व्या आवृत्तीपासून साध्या स्ट्रीमसाठी ती 64 केबी आहे, त्याआधी 16 केबी होती. साठा त्या खुणेपर्यंत आला की 'राइट' फंक्शन 'फॉल्स' परत देतं. याचा अर्थ, थांब. साठा उपसला गेला की 'ड्रेन' इव्हेंट येतो, मग पुढचं पाठवायचं. हे हाताने लिहिता येतं, पण नवख्याने लिहू नये असं मी ठामपणे सांगेन. त्यासाठी 'पाइपलाइन' हे फंक्शन आहे. ते 2018मध्ये नोडच्या 10व्या आवृत्तीत आलं, आणि त्याचं प्रॉमिस देणारं रूप 15व्या आवृत्तीत.

जुन्या धड्यांमध्ये तुम्हाला 'पाइप' दिसेल. तेही दारं धरतं. पण एका टोकाला चूक झाली तर 'पाइप' दुसरं टोक बंद करत नाही. अपलोड करणाऱ्याचं नेट गेलं तरी डेटाबेसकडची स्ट्रीम उघडीच राहते. 'पाइपलाइन' एक टोक तुटलं की सगळी टोकं बंद करते आणि चूक तुमच्या हातात देते. म्हणून या लेखात सगळीकडे 'पाइपलाइन'च वापरली आहे.

ग्रिडएफएस आतून कसं दिसतं

16 एमबीच्या मर्यादेवर मोंगोडीबीचं उत्तर म्हणजे ग्रिडएफएस. हा वेगळा डेटाबेस नाही. फाइलचे तुकडे करून ते साध्या कलेक्शनमध्ये कसे ठेवायचे याचा हा ठरलेला रिवाज आहे, आणि ड्रायव्हर, म्हणजे नोडमधून मोंगोडीबीशी बोलणारं पॅकेज, तो पाळतो. कलेक्शन दोन असतात. 'चंक्स'मध्ये तुकडे, आणि 'फाइल्स'मध्ये प्रत्येक फाइलमागे एक नोंद: नाव, लांबी, तुकड्याचा आकार, चढवल्याची तारीख आणि तुम्ही द्याल तो 'मेटाडेटा'. प्रत्येक तुकड्यावर तो कोणत्या फाइलचा हे सांगणारा 'फाइल्स आयडी' असतो आणि 'एन' हा शून्यापासून सुरू होणारा अनुक्रमांक.

तुकड्याचा ठरलेला आकार 255 केबी आहे. 256 का नाही? पूर्वी मोंगोडीबीची साठवण दोनाच्या घातांच्या मापात जागा देत असे. 256 केबी डेटा आणि वर आयडी वगैरेचे थोडे बाइट असा तुकडा 256च्या मापात मावत नसे, त्याला थेट 512ची जागा लागायची. 1 केबी कमी केला आणि तो वाया जाणारा अर्धा भाग वाचला.

आपल्या 80 एमबीच्या अंकाचे किती तुकडे होतील? 80 एमबी म्हणजे 81,920 केबी. भागिले 255 केलं की 321 पूर्ण तुकडे आणि वर 65 केबीचा एक, एकूण 322. शेवटचा तुकडा त्याला लागेल तेवढीच जागा घेतो.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे ती दोनदा लागणार आहे. ग्रिडएफएस आधी तुकडे लिहितं, आणि सगळे तुकडे गेल्यावर सर्वांत शेवटी 'फाइल्स'मध्ये नोंद करतं. अपलोड मधेच तुटलं तर तुकडे आहेत पण नोंद नाही, अशी स्थिती होते.

पायरी 1: तयारी

नोडची चालू दीर्घ-समर्थन आवृत्ती घ्या. नव्या फोल्डरमध्ये 'एनपीएम इनिट' चालवा, 'पॅकेज' फाइलमध्ये 'टाइप'ची किंमत 'मॉड्यूल' करा, म्हणजे फाइलच्या वरच्या पातळीवरच 'अवेट' लिहिता येईल. मग 'मोंगोडीबी' आणि 'बसबॉय' ही दोन पॅकेजेस बसवा. दुसरं ब्राउझरकडून आलेला फॉर्म उलगडण्यासाठी आहे.

'मोंगोक्लायंट' संपूर्ण ॲपसाठी एकच बनवा, सुरुवातीला. प्रत्येक रिक्वेस्टला नवा क्लायंट उघडणं ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. क्लायंटच्या आत जोडण्यांचा संच आधीपासून असतो, तो पुन्हा पुन्हा वापरायचा. त्या क्लायंटकडून डेटाबेस मिळाला की तो 'ग्रिडएफएसबकेट'ला द्या. 'बकेटनेम'मध्ये 'अंक' असं नाव दिलं तर कलेक्शन 'अंक.फाइल्स' आणि 'अंक.चंक्स' अशी होतात. काहीच दिलं नाही तर 'एफएस' हे नाव लागतं. लागणारे इंडेक्स पहिल्या अपलोडच्या वेळी ड्रायव्हर स्वतः बनवतो.

पायरी 2: आधी डिस्कवरून एक फाइल चढवा

ब्राउझरच्या भानगडीत पडण्याआधी एवढंच करून पाहा. 'क्रिएटरीडस्ट्रीम'ने डिस्कवरची पीडीएफ उघडा. बकेटच्या 'ओपनअपलोडस्ट्रीम'ला फाइलचं नाव द्या, आणि दुसऱ्या जागी पर्याय म्हणून 'मेटाडेटा': अंकाचं वर्ष, चढवणाऱ्याचा सभासद क्रमांक. मग 'पाइपलाइन'ला या दोन स्ट्रीम याच क्रमाने द्या आणि 'अवेट' करा. झालं. अपलोड स्ट्रीमच्या 'आयडी'मध्ये फाइलचा ओळखक्रमांक असतो आणि तो स्ट्रीम उघडल्या क्षणीच मिळतो. तो जपून ठेवा, फाइल परत मागायची ती त्याच्यावरूनच.

आता मोंगोच्या शेलमध्ये जाऊन दोन्ही कलेक्शन डोळ्यांनी पाहा. तुकडे मोजा, वरचा भागाकार जुळतो का बघा. यात दोन मिनिटं जातात, पण ग्रिडएफएस ही जादू वाटायची थांबते.

मेमरीही मोजा. 'प्रोसेस'च्या 'मेमरीयूसेज' फंक्शनमधला 'आरएसएस' हा आकडा दर सेकंदाला छापा. 'हीपयूज्ड'कडे पाहून फसू नका, कारण बफरचा डेटा व्ही8च्या (नोडमधल्या जावास्क्रिप्ट इंजिनाच्या) हीपबाहेर असतो, तो तिथे दिसतच नाही. एकदा 'रीडफाइल'ने आणि एकदा स्ट्रीमने चालवून आकडे शेजारी मांडा. स्ट्रीमचा आकडा थोडा वर-खाली होईल, पण फाइल दुप्पट केली म्हणून तो दुप्पट होणार नाही.

पायरी 3: ब्राउझरकडून येणारी फाइल

फॉर्ममधून फाइल येते ती 'मल्टिपार्ट' स्वरूपात: मजकुराची फील्ड आणि फाइल एकाच प्रवाहात, मधे खुणेच्या ओळी. बसबॉय हा प्रवाह वाचतो आणि प्रत्येक फाइलसाठी 'फाइल' इव्हेंट देतो. त्यात तुम्हाला फाइलची रीडेबल स्ट्रीम मिळते. तीच थेट अपलोड स्ट्रीमला जोडायची. एक्सप्रेस वापरणारे बरेचदा 'मल्टर' घेतात. तेही आतून बसबॉयच वापरतं, पण त्याचा 'मेमरी स्टोरेज' हा पर्याय अख्खी फाइल रॅममध्ये ठेवतो. म्हणजे आपण फिरून पुन्हा पहिल्या जागी.

इथे जोडण्या दोन आहेत हे ध्यानात घ्या. एक, रिक्वेस्टकडून बसबॉयकडे. दुसरी, बसबॉयच्या फाइल स्ट्रीमकडून डेटाबेसकडे. दोन्ही 'पाइपलाइन'ने करा. पहिली साध्या 'पाइप'ने केली आणि अपलोड करणाऱ्याने टॅब बंद केला, तर बसबॉयला ते कळत नाही आणि फाइल स्ट्रीम कायमची ताटकळत राहते. 'पाइपलाइन' असेल तर रिक्वेस्ट तुटताच बसबॉय बंद होतो, आणि त्याच्यासोबत फाइल स्ट्रीमही. शिवाय डेटाबेस सावकाश चालला तर फाइल स्ट्रीम थांबते, बसबॉय थांबतो, रिक्वेस्ट थांबते, टीसीपीची खिडकी (एका वेळी किती डेटा पाठवायचा याची नेटवर्कमधली मुभा) लहान होते, आणि अपलोड करणाऱ्याचा फोनच पाठवण्याचा वेग कमी करतो. आपण एकही ओळ न लिहिता दार थेट त्याच्या फोनपर्यंत धरलं जातं. मला स्ट्रीममधली ही गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

'अपलोड झालं' असं उत्तर कधी पाठवायचं? बसबॉयचा 'क्लोज' इव्हेंट आला म्हणजे फॉर्म वाचून झाला, एवढंच. शेवटचे तुकडे अजून डेटाबेसकडे चालले असू शकतात. दोन्ही पाइपलाइनींची प्रॉमिस पूर्ण झाल्यावरच उत्तर द्या.

फॉर्ममध्ये मजकुराची फील्ड फाइलच्या आधी ठेवा. प्रवाह क्रमानेच येतो. अंकाचं वर्ष फाइलनंतर आलं, तर अपलोड स्ट्रीम उघडताना ते तुमच्या हाती नसेल. आणि एखादी फाइल नको असेल, म्हणजे भलत्याच फील्डमधून आली असेल, तर तिच्याकडे नुसतं दुर्लक्ष करून भागत नाही. तिच्या स्ट्रीमवर 'रिझ्यूम' म्हणा, म्हणजे डेटा वाहून जाईल. नाहीतर रिक्वेस्ट तिथेच अडून बसते.

मर्यादेबद्दल मात्र थोडं थांबून सांगतो, कारण मी स्वतः इथे पोळलो आहे. बसबॉयच्या 'लिमिट्स'मध्ये 'फाइलसाइझ' देता येतो, आणि तो द्यायलाच हवा, नाहीतर कुणीही तुमची डिस्क भरून टाकेल. पण मर्यादा ओलांडली की बसबॉय चूक फेकत नाही. तो फाइल त्या बाइटवर कापतो आणि स्ट्रीम नीट संपवतो. पाइपलाइन यशस्वी होते, 'फाइल्स'मध्ये व्यवस्थित नोंद होते, आणि डेटाबेसमध्ये बसतो अर्धा तुटलेला अंक. माझ्या एका कामात हे तीन आठवड्यांनी लक्षात आलं. तोवर मूळ कागद परत बांधून कपाटात गेले होते, आणि ते पुन्हा सोडून स्कॅन करावे लागले. म्हणून पाइपलाइन संपल्यावर फाइल स्ट्रीमचा 'ट्रंकेटेड' गुण तपासा. तो खरा असेल तर बकेटच्या 'डिलीट'ने ती फाइल लगेच काढा आणि अपलोड करणाऱ्याला स्पष्ट सांगा की फाइल मोठी आहे.

प्रकार तपासायचा असेल तर ब्राउझरने पाठवलेल्या 'माइमटाइप'वर विसंबू नका. तो सहसा फाइलच्या शेपटावरून ठरलेला असतो. पहिले काही बाइट पाहा. पीडीएफची सुरुवात टक्केचिन्ह, पीडीएफ ही तीन रोमन अक्षरं आणि एक आडवी रेघ अशी असते.

पायरी 4: वाटेत ठसा काढून घ्या

तोच अंक दोघांनी चढवला तर ओळखायचं कसं? डेटा वाहतोच आहे, तर वाहता वाहता त्याचा एसएचए-256, म्हणजे फाइल ओळखता येईल असा छोटा ठसा (हॅश), काढून घ्या. पाइपलाइनमध्ये दोन स्ट्रीमच्या मधे एक असिंक जनरेटर फंक्शन ठेवता येतं. आलेला प्रत्येक तुकडा हॅशच्या 'अपडेट'ला द्यायचा आणि 'यील्ड' करून तसाच पुढे सोडायचा. शेवटी 'डायजेस्ट' घेऊन 'फाइल्स'मधल्या नोंदीच्या 'मेटाडेटा'त 'अपडेटवन'ने लिहायचा. फाइल दुसऱ्यांदा वाचावी लागत नाही. पूर्वी ग्रिडएफएस स्वतः एमडी5 हा जुन्या पद्धतीचा ठसा काढत असे. आता ते मोडीत निघालं आहे, तेव्हा हे काम आपलंच.

पायरी 5: अर्धवट अपलोडची साफसफाई

तालुक्याच्या गावी 80 एमबी चढवताना नेट एकदाही न तुटणं हा सुदिन समजायचा. तेव्हा तुटणारच असं धरून लिहा.

पाइपलाइन तुटली की ती स्ट्रीम बंद करते, पण तोवर लिहिले गेलेले तुकडे पुसत नाही. ते काम अपलोड स्ट्रीमच्या 'अबॉर्ट'चं. म्हणून 'कॅच'मध्ये 'अबॉर्ट'ला 'अवेट' करा. स्ट्रीम आधीच संपण्याच्या टप्प्यावर असेल तर 'अबॉर्ट' स्वतःच चूक फेकतं, त्यासाठी आतून आणखी एक 'ट्राय-कॅच' ठेवा, आणि त्या वेळी 'चंक्स'मधून तो 'फाइल्स आयडी' असलेले तुकडे 'डिलीटमेनी'ने थेट काढा.

एवढं करूनही तुकडे मागे राहू शकतात: वीज गेली, प्रोसेस मेली, किंवा पुसण्याच्या क्षणी एक तुकडा वाटेवर होता. त्यासाठी रोज रात्री एक झाडू फिरवा. 'चंक्स'मधले वेगवेगळे 'फाइल्स आयडी' काढायचे, ज्यांची 'फाइल्स'मध्ये नोंद नाही ते निवडायचे आणि त्यांचे तुकडे पुसायचे. मात्र जपून! या क्षणी चालू असलेल्या अपलोडचीही नोंद अजून झालेली नसते, कारण ती शेवटी होते. ते तुकडे पुसले तर कुणाची तरी चांगली फाइल मधेच पोखरली जाईल. यावर सोपी तोड आहे. मोंगोडीबीच्या 'ऑब्जेक्टआयडी'च्या पहिल्या चार बाइटांत तो बनल्याची वेळ असते आणि 'गेटटाइमस्टॅम्प'ने ती मिळते. एक दिवसाहून जुने असतील तेच पुसा.

पायरी 6: फाइल परत देणं

आधी बकेटच्या 'फाइंड'ने आयडीवरून नोंद शोधा. नसेल तर तिथेच 404 द्या. हे आधी करायचं, कारण एकदा हेडर आणि पहिले बाइट गेले की नंतर 404 म्हणता येत नाही. नोंद मिळाली की तिच्यातली लांबी 'कंटेंट-लेंग्थ'मध्ये लिहा, म्हणजे वाचकाला किती उतरलं ते दिसतं. मग 'ओपनडाउनलोडस्ट्रीम' आणि रिस्पॉन्स पाइपलाइनने जोडा. वाचकाने मधेच टॅब बंद केला तर 'प्रीमॅच्युअर क्लोज' ही चूक येईल. तो बिघाड नाही, लॉगमध्ये लाल अक्षरात नोंदवू नका.

पीडीएफ वाचणारे ब्राउझर पुष्कळदा फाइलचा ठरावीक भागच मागतात. ते 'रेंज' हेडर पाठवतात, आपण 206 हा कोड आणि 'कंटेंट-रेंज' देऊन तेवढाच भाग द्यायचा. त्यासाठी 'ओपनडाउनलोडस्ट्रीम'ला 'स्टार्ट' आणि 'एंड' देता येतात. इथे एका बाइटचा सापळा आहे. एचटीटीपीच्या रेंजमध्ये शेवटचा बाइट धरलेला असतो, 0 ते 99 म्हणजे 100 बाइट. ग्रिडएफएसचा 'एंड' मात्र धरला जात नाही. म्हणून त्यात एक मिळवून द्या. नाहीतर प्रत्येक भाग एक बाइट तोकडा जातो आणि फाइल कुठेतरी मधेच बिघडलेली दिसते.

मराठी नावांच्या फाइली

इंग्रजी धड्यांत हा भाग सहसा सापडत नाही, आणि आपल्याला तो पहिल्याच दिवशी लागतो. 'दिवाळी अंक 1962' अशा देवनागरी नावाची फाइल चढवा. डेटाबेसमध्ये प्रत्येक अक्षराच्या जागी तीन-तीन विचित्र चिन्हं दिसतील. युटीएफ-8मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि बसबॉय फाइलचं नाव न सांगता 'लॅटिन1' धरून वाचतो, म्हणजे एक बाइट एक अक्षर. त्याला पर्यायांमध्ये 'डेफपॅरामकॅरसेट' म्हणून 'युटीएफ8' द्या, नाव सरळ येईल.

मग नावावर 'नॉर्मलाइझ' चालवा. मराठीतला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एकाच चिन्हाने, किंवा 'र' आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना डेटाबेसला ते वेगळे वाटतात. 'नॉर्मलाइझ' काही न सांगता एनएफसी हे युनिकोडचं जोडलेलं रूप देतं, त्यात या 'ऱ'चं एकच चिन्ह होतं. साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा ते करा.

परत देताना आणखी एक अडचण. 'कंटेंट-डिस्पोझिशन' हेडरमध्ये देवनागरी नाव थेट घातलं तर नोड अवैध अक्षराची चूक फेकतं, हेडर जातच नाही. यासाठी 'फाइलनेम' या शब्दापुढे तारांकन लावलेलं रूप आहे. त्यात आधी युटीएफ-8 असं सांगून, दोन एकेरी अवतरणचिन्हं देऊन, मग टक्केचिन्हांनी बदललेलं नाव लिहायचं. 'एनकोडयूआरआयकंपोनंट' हे बहुतेक काम करतं, पण एकेरी अवतरण, कंस आणि तारांकन तसेच सोडतं. ते स्वतः बदलून घ्या. अंकांच्या नावांत कंसात वर्ष लिहायची पद्धत आहेच, तेव्हा ही गरज नक्की पडणार. जुन्या ब्राउझरसाठी सोबत साधं रोमन नावही द्या.

नोंद आणि फाइल यांचा क्रम

तुमच्या 'अंकसूची' कलेक्शनमध्ये अंकाची नोंद आहे आणि तिच्यात ग्रिडएफएसच्या फाइलचा आयडी. दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधता आले असते तर बरं झालं असतं, पण ग्रिडएफएसला ट्रान्झॅक्शन चालत नाहीत. म्हणून क्रम पाळायचा. चढवताना आधी फाइल, ती पूर्ण झाल्यावर सूचीत नोंद. काढताना उलट: आधी सूचीतली नोंद, मग फाइल. मधेच काही कोसळलं तर फार तर एक फाइल विनावापर पडून राहील. वाचकाला नाव दिसतं पण अंक उघडत नाही, असं होणार नाही.

आणि फाइलच्या नावावर कधीच भिस्त ठेवू नका. ग्रिडएफएसमध्ये एकाच नावाच्या कितीही फाइली राहू शकतात. नावाने मागितलं तर शेवटी चढवलेली मिळते. आयडीच खरा.

चालतं का, ते बघायचं कसं

घरच्या जोडणीवर फाइल क्षणात चढते, त्यामुळे वरच्या अर्ध्या गोष्टी तपासल्याच जात नाहीत. 'कर्ल' या कमांडलाइनवरच्या साधनाला वेगमर्यादेचा पर्याय देऊन सेकंदाला 200 केबीने फाइल चढवायला लावा. 80 एमबीला सात मिनिटं लागतील. तेवढ्या वेळात शेलमध्ये 'चंक्स' वाढताना आणि 'फाइल्स'मध्ये नवी नोंद न झालेली पाहा. चौथ्या मिनिटाला कंट्रोल-सी दाबा आणि त्या आयडीचे तुकडे मोजा: शून्य यायला हवेत. मग तेच पुन्हा करा, पण या वेळी 'कर्ल'ऐवजी सर्व्हरची प्रोसेसच मारा. आता तुकडे उरलेले दिसतील. झाडूच्या स्क्रिप्टमधली एक दिवसाची अट थोड्या वेळापुरती एका मिनिटावर आणून ती चालवा, आणि पुन्हा मोजा.